दाराबाहेरची बाबागाडी

हॅन्कॉक, मिशिगन
१४ जानेवारी

डॉक्टर राउटिओ यांस,

मायना वाचून दचकू नकोस. लायब्ररीतल्या पडद्यावर तुझ्या नावाआधी हेच लिहिलं होतं, म्हटलं आपणही रीत पाळावी.

तुझं व्याख्यान मी पाहिलं. मुद्दाम पाहायला गेले नव्हते. पुस्तक परत करायला गेले तर तिथली डोरीन म्हणाली, "आउने, लेक काय सुंदर बोलते गं तुझी. बस, लावून देते." गावातल्या निम्म्या लोकांनी ते माझ्याआधीच पाहिलेलं होतं. चर्चच्या तळघरात मी कॉफी ओतायला गेले की बायका एकदम हवापाण्यावर का येतात, ते मला त्या दिवशी कळलं.

छान दिसत होतीस. पोट पुढे आलेलं, अंगात निळा झगा, आवाजात कुठे शंका म्हणून नाही. म्हणालीस, बाळ घाबरलं की त्याच्या अंगात ताण चढतो. आई आली, तिने उचललं, दोन शब्द बोलली की तो उतरतो. रोजच्या रोज असं घडलं की बाळाचं शरीर शिकतं, संकट येतं तसं जातंही. आणि आई आली नाही, तर ते शरीर जन्मभर पायात बूट घालून दारात उभं राहतं. इथवर मी मान डोलावत होते. मग तू म्हणालीस, "माझी आई मला शून्याखालच्या थंडीत घराबाहेर ठेवायची आणि दार लावून घ्यायची. आजही कुठलं दार बंद झालं की माझी छाती धडधडते." लोक हसले. तूही हसलीस.

काइसा, आपल्या फिनिश लोकांत बाळं बाहेरच झोपवतात. तुझी आजी मला झोपवायची, तिची आई तिला. लोकरीत गुंडाळायचं, नाक तेवढं उघडं ठेवायचं आणि बाबागाडी पोर्चवर लावायची. थंड हवेत मूल गाढ झोपतं. दार लावून घेतात, कारण आत चूल पेटलेली असते आणि लाकडं आपोआप फुटत नाहीत. तुझ्या मिनीआपोलिसकरांना हे काय कळणार, ते कुत्र्यालासुद्धा बूट घालून फिरवतात.

पुढे तू ती फिल्म दाखवलीस. आई बाळाशी खेळते आहे, मग कोणीतरी खूण करतं आणि ती चेहरा दगडासारखा करून बसते. बाळ तिच्याकडे बघून हसलं. हात पुढे केले. मग ओरडलं. मी डोरीनला म्हटलं, बंद कर, माझा चष्मा घरी राहिलाय. चष्मा नाकावरच होता. डोरीन काही बोलली नाही, ती इथलीच आहे.

हेझल नोव्हेंबरात झाली. मी येते म्हटलं तर तुझा निरोप आला, "एवढ्यात नको, आई. आधी आपल्याला बोलावं लागेल." माझ्याशी बोलायच्या आधी तू भरल्या सभागृहाशी बोलून मोकळी झाली होतीस. मोजे विणून पाठवले, त्यांची पोच तू नाही, तुझ्या नवऱ्याने, टॉडने दिली. मला नात बघायची आहे, एवढंच. तुझं शास्त्र तुला लखलाभ.

आउने राउटिओ


हॅन्कॉक
२ फेब्रुवारी

काइसा,

तुझा कागद मिळाला. एवढ्या दिवसांनी आला आणि आत एवढंच, "मी लहान असताना तू दिवसभर काय करायचीस? बाबा गेल्यानंतरसुद्धा? सगळं लिही." ना खुशाली, ना पोरीबद्दल एक शब्द. मला वाटलं, तुझ्या प्रयोगशाळेत येणाऱ्या आयांना देता तो प्रश्नांचा कागद चुकून माझ्या पाकिटात पडला. त्यांना निदान जाताना खाऊ देता म्हणे.

बरं, लिहिते. नात बघायची ही फी असेल तर तीही भरते.

सकाळी उठून चूल पेटवायचे. तुझं दुपटं चुलीवरच्या दांडीवर गरम करायचे, कारण गार दुपटं लागलं की तू अशी किंचाळायचीस की जसं काही तुला तळ्यात फेकलंय. पाजायला घेतलं की तू अर्ध्यात झोपायचीस, टाचेला टिचकी मारून उठवावं लागायचं. मग तुला टोपलीत घालून मागाशेजारी ठेवायचे आणि चिंध्यांच्या सतरंज्या विणायला बसायचे. मागाची खटखट थांबली की तुझं भोकाड सुरू. शिंक आली तरी थांबायची चोरी.

रडलीस की उचलायचे का, असं पुढे विचारशील. उचलायचे. लगेच? नेहमी नाही. हात पिठात असले तर आधी हात धुवायचे आणि तोवर तिथूनच "आले, आले" म्हणायचे. पुढे पुढे "आले" ऐकलं की तू निम्मी गप्प व्हायचीस. तुझ्या शास्त्रात "आले, आले"ला काही गुण आहेत का, कळव. दुपारी तू पोर्चवर बाबागाडीत आणि मी आत. शनिवारी सौनात, त्या वाफेच्या खोलीत, सगळ्यात खालच्या पायरीवर, जिथे वाफ कोमट असते, तिथे तुला मांडीवर घेऊन बसायचे. तू माझं बोट चोखत छताकडे बघत राहायचीस.

गोड बोलायचे का? नाही. आपल्यात "माझं तुझ्यावर प्रेम आहे" असं म्हणायची पद्धत नाही. असं म्हणणारा माणूस एक तर प्यायलेला असतो, नाहीतर तुझ्या नवऱ्यासारखा आयोवाचा असतो.

बाबा गेल्यानंतर काय करायचे, विचारतेस. तेच. दूध, दुपटी, बाबागाडी. बर्फ वितळला. लिहिण्यासारखं काही नाही.

आता कधी येऊ, ते सांग.

आउने राउटिओ


हॅन्कॉक
२० फेब्रुवारी

काइसा,

काल तुझी आत्या आली होती. इर्या बूट काढायच्या आधीच म्हणाली, "वहिनी, काइसाचा फोन आला होता."

मी म्हटलं, "तुला बरा येतो."

"त्या वर्षाचं विचारत होती. रेइनो गेला तेव्हाचं."

"मग?"

"मग काय, सांगितलं. तू महिनोन्महिने भिंतीकडे बघत बसायचीस. पोरगी समोर खिदळायची, तुझा चेहरा हलायचा नाही. मग पोरीनेही खिदळणं सोडलं."

"हे सगळं सांगितलंस."

"भाचीने विचारलं तर काय खोटं सांगू?"

"गप्प बसायचं होतंस. जन्मभर बसलीस तशी."

तिने माझ्याच सुरीने माझ्याच निसूचा, त्या गोड पावाचा, चांगला जाड तुकडा कापला, कॉफीत बुडवून खाल्ला आणि निघाली. वेलदोडा कमी पडलाय, असं दारातून सांगून गेली.

तेव्हा आता ऐक, माझ्या तोंडून ऐक. तू सहा महिन्यांची होतीस. मार्च लागला होता आणि गोठलेल्या तळ्यावरची मासेमारीची खोपटी लोकांनी ओढून किनाऱ्यावर आणली होती. तुझा बाप म्हणाला, दोन दिवसांनी काय बिघडतं, आणि तळ्यावर गेला. बर्फ वरून पांढराशुभ्र दिसत होता, खालून विरघळला होता. दुपारी चार-पाच माणसं टोप्या हातात घेऊन दारात उभी राहिली. कोणी काही बोललं नाही, बोलावं लागलं नाही. मी कॉफी ठेवली, ती प्यायली आणि गेली. आपले लोक हे असे.

मी रडले नाही. हसलेही नाही. तो चेहरा मी मुद्दाम केला नव्हता, काइसा. तुझ्या फिल्ममधल्या आईला दोन मिनिटांनी कोणीतरी सांगतं, झालं हं, आता हसा. मला सांगायला कोणी आलं नाही. आज तुमच्याकडे त्याला नाव आहे, डॉक्टर आहे, गोळी आहे. मला पाद्री पाठवला. तो म्हणाला, देव देतो तेवढं माणसाला पेलतं. मी त्यालाही कॉफी दिली.

नवरा मेला आणि बाई हसली नाही, हा गुन्हा असेल तर लिहून घे तुझ्या कागदावर. तुझं दूध मी चुकवलं नाही. तुला ओल्यात ठेवलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं बाई, खाली उतरून बघ.

यायचं विचारत नाही आता.

आउने राउटिओ


हॅन्कॉक
३ मार्च

काइसा,

काल टॉडचा फोन आला. तू अंघोळीला गेलेली असताना केला होता, त्यामुळे दबक्या आवाजात बोलत होता. त्याला दबकं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. एरवी हा माणूस बोलल्याशिवाय घास गिळत नाही.

म्हणाला, "आई, ती बाळाकडे बघत नाही." मला कोणी सांगितलं नसताना तो मला आई म्हणतो, ते असो.

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे सगळं करते. दूध, लंगोट, अंघोळ, सगळं वेळच्या वेळी. पण चेहरा हलत नाही. परवा हेझलला लस टोचली. ती कळवळली आणि तिने काइसाकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. गाडीत बसल्यावर काइसा म्हणाली, 'पाहिलंस? शिकली ती.'"

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं. गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. पण काइसाला हे सगळं पाठ आहे ना, आई. कुठल्या महिन्यात बाळाचं काय बिघडतं, तिला तोंडपाठ आहे. ती रोज दिवस मोजते."

"मग मला येऊ नको का म्हणाली?"

तो म्हणाला, "तुम्हाला दिसलं असतं म्हणून."

फोन ठेवला आणि तुझा तो कागद काढला. 'बाबा गेल्यानंतरसुद्धा? सगळं लिही.' मी तो आरोप म्हणून वाचला होता. दोनदा वाचला, दोन्ही वेळा मला त्यात आरोपच दिसला.

बाई, मदत मागायची ही कुठली रीत? कुठली म्हणजे, इथलीच. इथे कोणाची गाडी बर्फात रुतली तर तो शेजाऱ्याच्या दारात जाऊन म्हणतो, "फावडं नवीन घेतलंस वाटतं?" आणि शेजारी एक अक्षर न बोलता फावडं घेऊन निघतो. पासष्ट वर्षं मी या गावात काढली. तू फावड्याचं विचारलंस आणि मी तुला फावडं केवढ्याला पडलं ते सांगत बसले. तूही काही कमी नाहीस. एवढी शिकलीस, एवढ्या लोकांसमोर बोलतेस, पण "आई, ये" हे दोन शब्द तुला लिहिता आले नाहीत.

आता राहिलेलं लिहिते.

तुला बाहेर झोपवलं की मी सारखी दार उघडून बघायचे. घरातली ऊब निघून जायची म्हणून तुझा बाप वैतागायचा. एक दिवस त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीच्या चौकटीला गिरमिटाने भोक पाडलं. मागावरचा ताण्याचा दोरा तिपदरी वळला, एक टोक बाबागाडीत तुझ्या पायाशी पांघरुणाला बांधलं, दुसरं भोकातून आत घेतलं आणि माझ्या मनगटाला बांधलं. म्हणाला, "घे. आता दार लाव." ते भोक अजून आहे. तू त्यात पेन्सिली कोंबायचीस आणि मार खायचीस. ते कशाचं आहे, हे तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात.

तो गेल्यावर मी खिडकीखालच्या बाकावर पडून असायचे. मागाला हात लावला नाही. इर्या आली तरी उठायचे नाही, भूक लागली तरी नाही. तू बाहेर जागी व्हायचीस, पाय झाडायचीस, दोरी ओढली जायची आणि मी उठायचे. मनाने उठत नव्हते. मनगट ओढलं जायचं म्हणून मागून मी जायचे. बाहेर येऊन तुला उचलायचे. चेहरा तोच, इर्या म्हणाली तसा. तोंडातून "आले"सुद्धा निघायचं नाही. पण यायचे. एकदाही आले नाही, असं झालं नाही. हे मात्र माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही.

मग जुलै आला. गाडीवर डासांची जाळी लावायचे दिवस. तू ओढलंस, मी आले, जाळी वर केली. तू माझ्याकडे बघितलंच नाहीस. दोरीकडे बघत होतीस. पुन्हा पाय झाडलास. माझा हात हलला. तू हाताकडे बघितलंस आणि पुन्हा झाडलास. मी समोर उभी आहे आणि तू मला खेचून बघते आहेस, येते का पुन्हा म्हणून. तेव्हा माझ्या घशातून काहीतरी निघालं. त्याला हसू म्हणता येणार नाही. इर्याने आतून विचारलं, "वहिनी, खोकला झाला का?" पण तू ऐकलंस. माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस. तिथून पुढे हळूहळू झालं. दुखणं येतं हत्तीच्या पावलाने आणि जातं मुंगीच्या.

तुझं शास्त्र खोटं आहे असं मी म्हणत नाही. तू दारांना घाबरतेस, त्यात त्या महिन्यांचा वाटा असेल. पण दार बंद होतं हे जेवढं खरं, तेवढंच दोरी बांधलेली होती हेही खरं. तू अर्धं सांगून टाळ्या घेतल्यास. तुला माहीत नव्हतं, हे कबूल. मला ते लायब्ररीत बसून बघावं लागलं, हे तूही कबूल कर.

शुक्रवारी इर्याच्या पिकअपमधून येते आहे. नको म्हणालीस तरी येणार. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मला त्याची सवय आहे.

आउने


मिनीआपोलिस, तुझ्या स्वयंपाकघरातून
९ मार्च, दुपार

काइसा,

तू सोफ्यावर झोपली आहेस. तोंड उघडं आहे. लहानपणी झोपायचीस तशीच.

दोन दिवसांत आपण दहा वाक्यं बोललो असू, त्यातली चार टॉवेल कुठे आहेत याबद्दल. बरं झालं. दारात मला बघून तू म्हणालीस, "रस्ता कसा होता?" मी म्हटलं, "होता." टॉड आपल्या दोघींकडे आळीपाळीने बघत होता. बिचारा. इर्याने त्याला हाताला धरून आत नेलं आणि कॉफी कशी करतात ते दाखवलं.

हेझलला तू माझ्या हातात दिलीस, पण तिचा पाय सोडत नव्हतीस. ती माझ्याकडे बघून हसेल, अशी तुला भीती होती का? मला होती आशा. दोघींचंही झालं नाही. तिने मला नीट न्याहाळलं, अंग ताठ केलं आणि टॉडसाठी गळा काढला. जन्मल्यापासून न पाहिलेली म्हातारी, तिचं तरी काय चुकलं. हे दिवस मला कोणी परत देणार नाही. तूही देऊ शकणार नाहीस, म्हणून मागत नाही.

तुझा चेहरा मी पाहिला. जो मला दिसू नये म्हणून तू हा सगळा खटाटोप केलास, तो. मला तो ओळखीचा आहे. मी त्याला घाबरत नाही. गोळ्या घे, डॉक्टर सांगेल तेवढे दिवस घे. मला मिळाल्या असत्या तर मी कॉफीत घालून घेतल्या असत्या. पण तुला तोंडपाठ असलेले ते महिने मोजू नकोस. मी मोजले नव्हते, कारण मला ते माहीतच नव्हते. अडाणीपणाचा तेवढाच एक फायदा झाला.

टॉडने तुमच्या पोर्चच्या खिडकीला भोक पाडलं आहे. घरमालक ओरडेल, त्याचं तो बघून घेईल. भोक वाकडं पडलंय. तुझ्या बापाचं सरळ होतं. दोरा मी घरून आणला, मागावरचा. हेझल बाहेर बाबागाडीत आहे, लोकरीत, नाक तेवढं उघडं. दार लावलेलं आहे. दुसरं टोक तुझ्या डाव्या मनगटाला बांधलंय. गाठ मारताना तू जागी झाली नाहीस.

मी इथे स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसले आहे. मला ती दिसते आहे, तिला मी दिसत नाही. ती पाय झाडेल तेव्हा मी उठणार नाही. टॉडलाही तेच सांगितलंय, तो खालच्या मजल्यावर अस्वस्थपणे कपडे धुतो आहे. हसायची जबरदस्ती नाही. बोलायचीही नाही. नुसतं जायचं. हात पिठात असतील तर धुऊन जायचं.

व्याख्यानाचं मी विसरलेले नाही. त्या सगळ्यांसमोर दोरीचंही सांगितलंस की मगच मी लायब्ररीत पाऊल टाकणार, हे डोरीनलाही सांगून आले आहे.

हा कागद तुझ्या हाताखाली सरकवते. दोरी ओढली गेली, म्हणजे तू जागी झाली असशील.

मग हे वाचत काय बसली आहेस. आधी बाहेर जा.

आई